पेरूच्या झाडाच्या अलीकडं

जुन्नरला जाऊन आले म्हटलं की चिपळूणची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "शिवनेरी चढलात का?" नाही चढले. शिवनेरी मी रोज पाहिला, पण कॅमेऱ्यातून, एका कौलारू घराच्या मागे, आणि दर वेळी कानाशी कुणीतरी ओरडत असायचं, "ताई, किल्ला ऱ्हाऊंद्या, आधी घर मोठं दिसूंद्या!"

चिपळुणात माझा आणि माझ्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे. भाऊ फोटो काढतो, मी व्हिडिओ. लग्नात व्हिडिओ काढायला बाई आली म्हटल्यावर सुरुवातीला लोक नवरीला सोडून मलाच बघायचे. आमच्या शेजारी नंदा राहते. तिचं माहेर जुन्नरजवळच्या एका मळ्यात. दिवाळी झाली आणि एके दिवशी पावटा सोलता सोलता ती म्हणाली, "सुलभा, माझ्या भावाचं, संपतचं जमत आलंय. मुलगी घोडेगावची. शाळेत शिकवते. पण तिची एक अट आहे."

"काय?"

"मुलगा मागून बघीन म्हणते. आधी घर बघायचंय."

आता कोकण काय नि घाट काय, मुलीनं मुलाचं घर बघायला जायची रीत कुठेच नाही. बाप जातो, मामा जातो, चहा पितात आणि परत येऊन "घर चांगलं आहे" एवढंच सांगतात. घर सगळ्यांनी बघायचं, फक्त जिला तिथे राहायचंय तिनं सोडून. हा वाद पुष्कळ झाला असावा. शेवटी मुलीच्या वडिलांनीच मधली वाट काढली: घराची व्हिडिओ कॅसेट काढून आणा. आणि नंदानं मला न विचारताच माहेरी कळवून टाकलं होतं, की आमच्या शेजारची सुलभा येते.

जुन्नर

प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की कुंभार्ली घाटापासून जुन्नरच्या स्टँडपर्यंत कॅमेऱ्याची पेटी माझ्या मांडीवर होती, आणि उतरले तेव्हा मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या. तेव्हाचे कॅमेरे म्हणजे खांद्यावर घ्यायचं धूड. स्टँडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पेटीकडे बघून विचारलं, "भजनाला आलाय का, पावणं?" मी नाही म्हटलं तर त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

संपत मोटरसायकल घेऊन आला होता. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, बोलणं कमी. त्यानं पेटी टाकीवर घेतली, माझ्याबरोबर आलेली नंदा आणि मी मागे. बाजाराच्या गल्लीत थांबून मी एक कोरी कॅसेट घेतली. दुकानदारानं विचारलं, "कुनाचं लगीन?" संपत लाजला. "अजून न्हाई. घराची शूटिंग हाय." दुकानदारानं कॅसेट देताना त्याच्याकडे असं पाहिलं, की ह्याच्या डोक्याला काय झालं.

मळ्यात पोचलो तर नंदाचे वडील अण्णा आणि आई तारामावशी दारातच उभे. पायावर पाणी, मग गूळ-पाणी, मग चहा. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी भात वाढतात. इथे भात शेवटी आला, थोडासा, जणू उगाच आपला. मी भाकरी मोडायला चिमटीनं लागले तर तारामावशी म्हणाल्या, "अहो, कुस्करा की! भाकरीला काय लाजायचं?"

मळ्यात

सकाळी कोवळ्या उन्हात कॅमेरा लावला. माझी पद्धत साधी: आधी लांबून सगळं दाखवायचं, म्हणजे बघणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. मग जवळ जायचं. म्हणून मी कांद्याच्या वाफ्यांपलीकडे जाऊन उभी राहिले. घर, गोठा, विहीर, मागे किल्ला. छान चौकट जमली होती.

अण्णांनी कॅमेऱ्याच्या काचेला डोळा लावला आणि म्हणाले, "हे तर काड्याच्या पेटीएवढं दिसतंय. जवळनं घ्या."

जवळून घेतलं. काचेत नुसतं दार मावलं. "आता घर कुठं गेलं?" अण्णा म्हणाले.

मग शेजारच्यांचा ट्रॅक्टर आणून अंगणात उभा करावा असा अण्णांचा विचार झाला. "आपला हाय असं कोन म्हनतंय? नुसता उभा ऱ्हाईल." संपत प्रथमच मोठ्यानं बोलला. "न्हाई, अण्णा. उद्या ती इचारंल ट्रॅक्टर कुठं गेला, तर काय, चरायला गेला सांगू?" ट्रॅक्टर आणायचा राहिला.

आता पॅन. म्हणजे कॅमेरा एकाच जागी ठेवून, आपण मान वळवून बघतो तसा हळूहळू फिरवायचा. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि उजवीकडून सुरुवात केली: गोठा, कणगी, पडवी, दार, तुळस, पेरूचं झाड...

"बास!" अण्णा आणि तारामावशी एकदम ओरडले. "पेरूच्या अलीकडं थांबा."

पेरूपलीकडे तर घर तसंच पुढे चालू होतं. तीच कौलं, तीच पडवी. मी नंदाकडे पाहिलं. तिनं मला बाजूला घेतलं. पलीकडची बाजू तिच्या चुलत्यांची. तिच्या लग्नात चुलतीला, हौसाकाकींना, मानाची साडी दिली तिचा काठ साधा निघाला, आणि तारामावशींच्या बहिणीच्या साडीचा काठ जरीचा. तेव्हापासून दोन्ही जावांचं बोलणं बंद. "भाऊ-भाऊ शेतात बोलतात," नंदा म्हणाली, "अंगणात आले की मुके."

मी परत पॅन घेतला आणि पेरूशी थांबले.

मग माणसं. तारामावशींना मी चुलीपाशी बसवून चेहरा जवळून घ्यायला लागले तर त्या उठल्याच. "अवो, माझं निम्मंच अंग घेताय! पाय कुठायत? पावणं म्हनतील, बाई लंगडी हाय." त्यांना नखशिखान्त घेतलं. अण्णांना फेट्यासकट घेतलं. संपतला अंगणात उभा केला, तर तो झेंडावंदनाला उभा राहतात तसा. हात मांड्यांना चिकटलेले, श्वास कोंडलेला.

"संपत, हल जरा."

"फोटो हलंल ना, ताई."

"हा फोटो नाही, व्हिडिओ आहे. हलायचंच असतं."

तो एकदा डावीकडे झुकला, एकदा उजवीकडे. अण्णांनी सुचवलं, पोरगं उंच दिसायला उंबऱ्यावर उभं करावं आणि मी खाली बसून घ्यावं. लग्नात मी हे शंभरदा केलंय, खालून घेतलं की बुटका नवरा ताडासारखा दिसतो. पण संपतनं मान हलवली. "मी हाय तेवढाच दिसूंद्या."

"मग रोज करतोस ते काम कर," मी म्हटलं.

तो कांद्याला पाणी द्यायला गेला. इथे त्याला दारं धरणं म्हणतात: पाटाला माती लावून पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की फावड्यानं बंद करून दुसऱ्यात. आणि काय सांगू, फावडं हातात आल्यावर तो मनुष्यच बदलला. माझ्याकडे बघणंच विसरला. पाण्याशी काहीतरी पुटपुटत होता, "चल, चल बाई, हिकडनं." मी त्याच्या पुढे पुढे उलट्या पावली चालत चेहरा घेत होते. इतका चांगला शॉट मला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. त्या आनंदात पाट विसरले.

पडले ते सरळ पाठीवर, पाण्यात. कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला. त्यामुळे कॅसेटवर आधी संपत, मग आभाळ, आणि आभाळावर बराच वेळ कुणाचं तरी हसणं. पेरूपलीकडून. तोंडाला पदर लावून हसतात तसं नव्हे, पोट धरून, मध्येच "आई गं, मेले!" म्हणत. मला उठवायला आलेल्या तारामावशींचे ओठ थरथरत होते, पण पलीकडून हसू आल्यामुळे त्यांना हसता येईना.

संध्याकाळी कॅमेरा टीव्हीला जोडून सगळ्यांनी कॅसेट पाहिली. आभाळ आलं, हसणं आलं, आणि तारामावशी म्हणाल्या, "हे काढा. पावन्यांना वाटंल, हितल्या बाया परक्याला हसत्यात."

त्यावर दुसरं काही शूट केलं की ते पुसलं जाणार होतं. सकाळी करू म्हटलं. तेवढ्यात वीज गेली आणि आम्ही निघेपर्यंत आलीच नाही. बॅटरी रिकामी. अण्णा हळहळले. संपत मात्र खुशीत दिसला. "ऱ्हाऊंद्या," तो हळूच म्हणाला. "काकी लई दिसांनी हसली."

ओझर

घोडेगावला जायच्या आधी ओझरच्या विघ्नहराला कॅसेट दाखवायची, हे तारामावशींनी ठरवूनच टाकलं होतं. देवळात गर्दी बेताची होती. पुजाऱ्यांनी पेढे ठेवले, नारळ ठेवला, आणि मग तारामावशींनी पदराखालून कॅसेट काढून पुढे केली.

"हे काय?"

"घर हाय," तारामावशी म्हणाल्या.

पुजारी भले होते. त्यांनी काही विचारलं नाही, कुंकवाची चिमूट उचलली.  ते कुंकू आत टेपवर गेलं असतं तर घरही गेलं असतं आणि माझ्या कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेडही. मी झडप घालून कॅसेटच्या खिडकीवर हात ठेवला. कुंकू माझ्या हातावर लागलं. "चालंल," पुजारी म्हणाले, "ही पन घरातलीच दिसते."

घोडेगाव

मुलीचं नाव वैशाली. उंच, काळीसावळी, वेणी पुढे घेतलेली, आणि कुणी बोललं की त्याच्याकडे नीट बघणारी. तिचे वडील दादा, बोलायला मऊ. पोहे झाले, चहा झाला. संपत खुर्चीच्या कडेवर बसला होता. मी कॅमेरा त्यांच्या टीव्हीला जोडला.

घर दिसलं. वाफे दिसले. नखशिखान्त तारामावशी दिसल्या. संपत झेंडावंदनाला उभा राहिला तेव्हा वैशालीनं खाली पाहिलं, पण गालावर काहीतरी हललं. मग पाण्याशी बोलणारा संपत आला आणि ती जरा पुढे सरकून बसली. मग आभाळ. हसणं. तारामावशींनी डोळे मिटून घेतले.

कॅसेट संपली. वैशाली मला म्हणाली, "ताई, जरा मागं घ्याल?"

मी पॅनपर्यंत मागे घेतलं. गोठा, कणगी, पडवी, दार, तुळस, पेरू.

"ह्या झाडाच्या पलीकडं काय आहे?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "शेजारी."

"कौलं तर तीच आहेत. पुढं चाललीत." तिनं मला पुन्हा पुढे न्यायला लावलं. "आणि हे हसतंय कोण?"

  संपतनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तारामावशीच म्हणाल्या, "माझी जाऊ हाय. हौसा." हा शब्द त्यांनी फार दिवसांनी उच्चारला असावा, कारण नंदानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग हे निम्मंच घर झालं," वैशाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. मुलांच्या वहीत चूक दाखवावी तसं म्हणाली. "दादा, मी स्वतः जाऊन बघते."

"बाळ, तशी रीत न्हाई."

"ह्या ताई कोकणातनं एवढा कॅमेरा घेऊन आल्या, ती तरी कुठली रीत?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातावर अजून कुंकू होतं.  ते हसले आणि अण्णांना म्हणाले, "उद्या येतो मंग. दोघं."

पेरूच्या पलीकडं

 घरी आल्यावर तारामावशी पाय न धुताच पेरूखाली जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळे पडवीतून बघत होतो.

"हौसा. ए हौसा."

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"उद्या पावणं येनार हायेत."

"येऊंद्या की. माझ्या दारात थोडंच यायचेत?"

"तुझ्याच दारात यायचेत. पोरीला तुला बघायचंय."

"मला? का म्हनून?"

"हसलीस म्हनून."

आणि मग तेच हसणं, कॅसेटवरचं. या वेळी तारामावशींनाही आवरेना. दोघी झाडाच्या दोन बाजूंना उभ्या राहून हसल्या, आणि मग हौसाकाकी डोळे पुसत बाहेर आल्या. बुटक्या, गोल, कपाळावर आडवं कुंकू.

"आन मासवड्या कोन करनार?" त्यांनी विचारलं. "तुमच्या तर फुटत्यात."

"म्हनून तर आले," तारामावशी म्हणाल्या.

मासवडी ऐकून आम्हा कोकणी माणसाच्या तोंडाला जे पाणी सुटतं ते मला सुटलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तीत मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण घालून वळायची आणि कापायची, सोबत जाळ आमटी. मी "मासा कुठाय?" विचारलं तर हौसाकाकींनी ताटातली एक वडी उचलून शेपटीसारखी हलवून दाखवली.

वैशाली आणि दादा सकाळीच आले. अण्णांनी मला खूण केली, "ताई, हे घ्या की!" मी कॅमेरा उचलणार, तर वैशाली म्हणाली, "आज नको. आज मी आहे बघायला." मी टोपण लावून कॅमेरा बाजेवर ठेवला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोन मोकळ्या हातांनी पाहुणचार बघितला.

हौसाकाकींनी तिचा ताबाच घेतला. "हितं पावसाळ्यात गळतं. ह्या खिडकीतनं बोका येतो, दूध झाकायचं. मोटर बंद पडली की पानी शेंदावं लागतं. हे आक्का सांगनार न्हाईत, मी सांगते." तारामावशी मागून चालत होत्या, तोंड वाकडं करत. त्यांच्याकडे बोट करून काकी म्हणाल्या, "आन ह्या आक्का रागावल्या की बोलत न्हाईत. लई दिस." यावर वैशाली खळखळून हसली. मग तारामावशीही.

नंतर संपत आणि ती विहिरीकडे गेले. मी पडवीतून बघत होते. लांब, वाफ्यांपलीकडे, दोन छोट्या आकृती, आवाज नाही. पण संपतचे हात मोकळे हलत होते, एवढं दिसत होतं. एकदा तिनं वाकून पाटाची माती उचलली आणि तो काहीतरी समजावत होता. काय ते आम्हाला कळलं नाही, आणि पडवीतल्या सगळ्यांनीच ते ऐकायचा फार प्रयत्न केला.

परत आल्यावर तिनं अण्णांकडे पाहिलं. "माझी काही हरकत नाही. पण मी तुमचं घर बघितलं, आता ह्यांनी माझं बघायला पाहिजे."

"बघितलं की काल," अण्णा म्हणाले. "घोडेगावला."

"ते भाड्याचं. माझं घर डिंभ्याला आहे."

दादांनी मान खाली घातली.

लग्न पुढे वैशाखात झालं. मीच शूटिंग केलं, दोन्ही जावा सारख्याच काठाच्या साड्या नेसल्या होत्या. पण सांगायचंय ते डिंभ्याचं.

डिंभे

दुसऱ्याच दिवशी दादा आणि वैशालीबरोबर संपत नि मी गेलो. घोड नदीच्या धरणाचं पाणी अगदी काठोकाठ होतं. डोंगर पाण्यात उलटे पडलेले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. दादा काठावर उभे राहून काठीनं दाखवत होते, "त्या टेकडीच्या ह्या अंगाला. तिथं गाव व्हतं." मी तिकडे पाहिलं. पाणी होतं.

"मी चौथीत होते," वैशाली म्हणाली. "सामान ट्रकात भरलं. घराचा फोटोसुद्धा नाही. कॅमेरा कुणाकडं होता तेव्हा?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आज घ्याल का?"

मी कॅमेरा खांद्यावर घेतला आणि मला कळेना कुठे धरावा. लांबून घेतलं तर सहलीला आल्यासारखं दिसत होतं. जवळून घेतलं तर नुसतं पाणी, कुठल्याही तळ्यातलं. पॅन केला तर थांबायला काही नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे जागा होती, उजेड होता, माणसं होती, आणि शॉट नव्हता.

संपत उकिडवा बसला. त्यानं एक काटकी उचलली. "दार कुनीकडं व्हतं?"

"पूर्वेला."

त्यानं मातीत रेघ ओढली. "ओटी?"

"दाराला लागून. नाही, एवढी मोठी नाही. हां."

"चूल?"

"मागं. तिथं नाही, मागं! तिथं देव."

मी कॅमेरा खाली आणला. त्याच्या हातावर, काटकीवर, तिच्या बोटावर. दादा मघापासून बाजूला होते. ते हळूच येऊन गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बोटानं गोठा काढला, गोठ्यात गव्हाण काढली. मग दोघं बापलेक वाद घालू लागले, माजघर केवढं होतं यावर. दादा म्हणायचे मोठं, वैशाली म्हणायची तू तेव्हा बारीक होतास म्हणून तुला मोठं वाटायचं, आणि मग बारीक तर आपणच होतो हे लक्षात येऊन तीच हसायला लागली. घर वाढत गेलं. शेवटी ते एवढं झालं की संपतला उठून मागे सरकावं लागलं.

"हां, हां! बघून," दादा एकदम म्हणाले. "उंबरा हाय तिथं."

संपतनं खाली पाहिलं. त्याचा एक पाय रेघेवर होता. तो मागे झाला, दाराच्या बाजूनं फिरून आला, चपला रेघेबाहेर काढल्या आणि मग आत पाऊल टाकलं.

"बसा," वैशाली म्हणाली. "पाणी आणते."